आधी छप्पर, मग घर

प्रश्न पुण्याच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: "आम्ही चौघं. मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. गाडी हॅचबॅक. मेअखेर काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचंय, पुढे वर्षातून तीन-चार वेळा कुठे ना कुठे. बजेट दहा हजार. पाच मिनिटांत उभा राहील आणि शंभर टक्के वॉटरप्रूफ असेल असा टेंट सुचवा. ३००० मिमीचा पुरेल की ५००० चा घेऊ?"

मी नाशकात टेंट भाड्यानं देतो, सतरा वर्षं झाली. दुकान म्हणावं असं काही नाही. एक गाळा, वाळत घालायला वरची गच्ची आणि साठेक टेंट. शनिवारी सकाळी जातात, सोमवारी परत येतात. सोमवारी पिशव्या उघडल्या की पाणी कुठून शिरलं ते गिऱ्हाइकाला विचारावं लागत नाही, टेंट स्वतःच सांगतो. कुठली शिवण उसवली, कुठली काठी चिरली, कुठल्या कोपऱ्यात चिखल साचला, सगळं दिसतं. खाली लिहितोय ते या सोमवारांच्या जोरावर.

एखादं मॉडेल सांगून मोकळा झालो असतो. पण प्रश्न जसा विचारलाय तसाच धरला, तर उत्तर चुकेल. तुमची पहिली रात्र डोळ्यांपुढे आणा. शुक्रवारी सहाला ऑफिस सुटणार, चाकण ओलांडेपर्यंतच जीव मेटाकुटीला येणार, संगमनेर-अकोले-राजूर करत भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात पोचेपर्यंत रात्रीचे अकरा. मुलगा मागच्या सीटवर आडवा झालेला, मुलीला शू लागलेली, म्हणजे दोघांपैकी एकजण त्यांच्यामागे. उजेड मोबाइलचा. आणि मेअखेर आहे, त्यामुळे वळीव कधी कोसळेल याचा नेम नाही. अशा वेळी टेंट पाच मिनिटांत उभा राहिला काय नि पंधरा मिनिटांत काय, फारसं बिघडत नाही. बिघडतं ते या पंधरा मिनिटांत आतली जमीन भिजली तर. म्हणून खरा प्रश्न असा: एकट्या माणसानं अंधारात, पावसात उभारताना टेंट आतून कोरडा राहतो का? आणि रविवारी ओला असतानाच तो मुकाट्यानं पिशवीत जातो का?

आता यातली मुख्य गोष्ट. आपल्याकडे मिळणारे बहुतेक डोम टेंट दोन कापडांचे असतात. आतलं कापड पातळ, वरच्या भागात मच्छरदाणीची जाळी. बाहेरचं कापड म्हणजे फ्लाय, तेच पाणी अडवतं. स्वस्तातल्या जवळजवळ सगळ्या टेंटांत आधी आतलं कापड काठ्यांवर उभं करायचं आणि मग वर फ्लाय टाकायचा. कोरड्या हवेत काहीच अडचण नाही. पावसात मात्र हे अंघोळ झाल्यावर छत्री शोधण्यासारखं आहे. फ्लायची पुढची बाजू कुठली, हे अंधारात कळेपर्यंत जाळीतून बादलीभर पाणी तळात उतरलेलं असतं. तळ वॉटरप्रूफ, म्हणजे उतरलेलं पाणी खालून जातही नाही. रात्रभर ते तुमच्या सोबतीला.

दुसऱ्या प्रकारात काठ्या फ्लायच्या बाहेरून ओवतात आणि आतलं कापड फ्लायला खालून लटकलेलं असतं. दोन्ही एकदमच उभे राहतात. काढतानाही गरज पडली तर आतलं कापड आधी सोडवून कोरडंच पिशवीत टाकता येतं आणि ओला फ्लाय वेगळा गुंडाळता येतो. आपली जुनी माणसं घर बांधताना आधी कूड घालून मग छपराचा विचार करत नसत, पावसाळ्याच्या तोंडावर तर नाहीच. टेंटचंही तेच. दुकानदाराला मिनिटं विचारू नका. विचारा, "आधी काय उभं राहतं, आतलं की बाहेरचं?" त्याला उत्तर देता आलं नाही, तर समजायचं की त्यानं तो टेंट स्वतः कधी लावलेला नाही.

झटपट टेंटांचे दोन-तीन प्रकार या कसोटीवर लावून पाहू. पहिला, हवेत फेकला की उघडणारा पॉप-अप. डेकॅथलॉनच्या क्वेचुआ या ब्रँडनं २००५ मध्ये 'टू सेकंड्स' आणला आणि त्यानंतर ही जात सगळीकडे पसरली. दोन कापडांचा चांगला पॉप-अप माझ्या कसोटीला पूर्ण उतरतो, कारण छप्पर आणि घर एकदमच उघडतं. मग मी तुम्हाला तो का सुचवत नाही? एक तर मिटण्याचं तंत्र. इंग्रजी आठचा आकडा करून वेटोळं दाबायचं असतं. येतं त्याला चुटकीसरशी येतं, येत नाही तो रविवारी दुपारी बायकामुलांसमोर टेंटशी कुस्ती खेळतो. सवयीनं जमतं, हेही खरं. पण दुसरी अडचण सवयीनं सुटत नाही. मिटल्यावर त्याची मोठी गोल चकती होते, चार माणसांच्या टेंटची तर चांगलीच मोठी. हॅचबॅकच्या डिकीत चकती गेली की कूलबॉक्स आणि गाद्या मुलांच्या पायाशी. शिवाय आतली स्प्रिंगची काठी मोडली तर जागेवर दुरुस्त होत नाही. जोडपं असतं तर पॉप-अपच सांगितला असता.

दुसरा प्रकार छत्रीसारखा. काठ्या आधीच जोडलेल्या, मधला खटका ओढला की पाय फाकतात. दिसायला झकास. पण वजन सगळं त्या प्लास्टिकच्या सांध्यांवर, आणि माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत हेच सांधे जास्त. यातल्या बऱ्याच टेंटांना फ्लाय नंतर वरून टाकावा लागतो, म्हणजे घोळ तोच. हवा भरून उभे राहणारे टेंट उत्तम असतात, पण तुमच्या बजेटच्या बरेच पुढे. गाडीच्या टपावरच्या टेंटचा विचार हॅचबॅकवर नकोच, टपाला किती वजन पेलतं ते गाडीच्या पुस्तिकेत बघितलंत तरी कळेल.

बोगद्याच्या आकाराचे टेंट बहुधा आधी-छप्पर पद्धतीचे असतात, ऐसपैसही असतात. पण खुंट्यांशिवाय ते उभेच राहत नाहीत. मऊ जमिनीत ठीक. सह्याद्रीत चार बोटं मातीखाली कातळ लागतो, आणि कोकणातल्या सड्यावर जांभ्यात खुंटी ठोकून बघा, खुंटी वाकेल. म्हणून स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा, उचलून इकडचा तिकडे ठेवता येणारा डोमच आपल्याकडे बरा.

आता मिलिमीटर. गिऱ्हाईक मला ऐकवतं, "भंडारदऱ्याजवळच्या घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मग पाच हजारचाच टेंट द्या." हे दोन मिलिमीटर एकमेकांचे कुणी लागत नाहीत. पावसाचे मिलिमीटर म्हणजे पाणी वाहून, मुरून गेलंच नसतं तर वर्षभरात जमिनीवर किती उंचीचं साचलं असतं, ते. टेंटवरचा आकडा म्हणजे कापडावर पाण्याचा स्तंभ चढवत नेला, तर कोणत्या उंचीला कापडातून थेंब फुटतात, तो. फ्लायचं कापड नीट ताणलेलं असेल, तर पाणी त्यावर थांबतच नाही, ओघळून जातं. तिथे १५०० ते २००० मिमी पुरतात. माझ्याकडचे निम्मे फ्लाय २००० चे आहेत आणि कापडातून गळालेला नवा फ्लाय मी पाहिलेला नाही. झोळ पडून पाणी साचलं, तर मात्र ५००० चाही भरवसा धरू नका.

तळाचं गणित वेगळं. तिथे पाण्यावर तुमचं वजन पडतं. एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार म्हणजे दहा मीटर पाण्याचा दाब. सत्तर किलोचा माणूस गुडघ्यांवर बसून चेन शोधतोय आणि त्याचे गुडघे दीडशे चौरस सेंटिमीटर जागेवर टेकलेत, तर दाब साडेचार हजार मिलिमीटरच्या वर जातो. खाली ओली जमीन असेल तर तळ नेमका तिथेच पाझरतो. म्हणून आकडा बघायचाच असेल तर तळाचा बघा, ३००० च्या खाली नको, जास्त मिळाला तर घ्या. तळाचं कापड कडेनं वीतभर वर वळवलेलं हवं, परातीच्या काठासारखं. शिवण जमिनीलगत असेल तर तो टेंट तिथेच ठेवून या.

तरीही सोमवारी टेंट ओले येतात. मग पाणी येतं कुठून?

बऱ्याचदा शिवणीतून. सुईनं केलेलं प्रत्येक भोक म्हणजे गळतीची जागा. चांगल्या टेंटच्या शिवणीवर आतून पारदर्शक टेप चिकटवलेली असते, बोटाला गुळगुळीत लागते. फ्लाय उलटा करून दुकानातच तपासा, आणि कोपरे जास्त बघा, कारण तीन शिवणी एकत्र येतात तिथे टेप सुटते. ऑनलाइन मिळणाऱ्या अगदी स्वस्त टेंटांना बहुधा टेप नसतेच, आणि फ्लाय म्हणजे डोक्यावरची टोपी, खांदे उघडे. फ्लाय जमिनीच्या जवळपास पोचणारा, चहूबाजूंनी पूर्ण हवा.

दुसरी जागा ताडपत्रीची, आणि ही चूक मी स्वतः केलेली आहे. धंद्याच्या पहिल्याच वर्षी घरच्यांना घेऊन तलावाकाठी गेलो. तळ खराब होऊ नये म्हणून टेंटखाली निळी ताडपत्री अंथरली, चांगली ऐसपैस, चारही बाजूंनी फूटभर बाहेर. रात्री सर आली. फ्लायच्या पागोळ्या त्या ताडपत्रीवर पडल्या आणि पाणी सरळ टेंटखाली शिरलं. वर टेंटचा तळ, खाली ताडपत्री, मध्ये तळं. पहाटे आईनं हाक मारली, "अरे, गादी हलतेय." पाण्याच्या गादीवर झोपण्याचा योग तिच्या नशिबी माझ्यामुळे आला, हे ती अजून पाहुण्यांना सांगते. ताडपत्री टेंटच्या तळापेक्षा चार बोटं आतच हवी. मोठी असेल तर कडा खालच्या बाजूला दुमडा.

तिसरं पाणी आपलंच. चार जण झोपले की श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर तरी वाफ सहज बाहेर पडते. ती थंड फ्लायवर जमते, सकाळी थेंब टपकतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, टेंट गळका दिला. म्हणूनच एका कापडाचा टेंट आपल्या दमट हवेत नको. दोन कापडांत तळहाताएवढी फट राहिली की थेंब फ्लायच्या आतून ओघळून जमिनीवर जातात. फ्लायच्या वरच्या खिडक्या पाऊस असला तरी उघड्या ठेवा, त्या त्यासाठीच असतात. बाकी "आतून कापडाला हात लावू नका, गळेल" हे जुन्या सुती कनातींचं शास्त्र आहे. सुताचे धागे भिजून फुगतात आणि भोकं बुजतात, हात लावला की पाणी त्या जागी ओढलं जातं. आजच्या लेप दिलेल्या पॉलिस्टरला हात लावलात तर हाताला फक्त वाफेचं पाणी लागेल.

पॉलिस्टर की नायलॉन, यावर फार विचार करू नका. नायलॉन हलकं असतं, पण भिजलं की सैल पडतं, रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. तुमचं वजन गाडी वाहणार आहे. पॉलिस्टर घ्या. काठ्यांचंही तसंच, ॲल्युमिनियमच्या चांगल्या, पण फायबरच्या चालतील. फक्त काठी तुटली तर त्या जागी वरून सरकवायची बोटभर लांबीची धातूची नळी आणि चिकटपट्टी पिशवीत असू द्या. फायबर तुटताना उभा चिरतो आणि त्याचं कूस बोटात गेलं की काढता येत नाही.

आकाराबद्दल. 'चार माणसांचा' म्हणजे साधारण २४० सेंटिमीटर रुंदी, माणशी साठ, रेल्वेच्या बर्थएवढी. एरवी मी चौघांना पाचाचा घ्यायला सांगतो. पण तुमच्यात दोन लहान आहेत आणि सामान गाडीत राहणार, तेव्हा चाराचा चालेल. पाच वर्षांचा मुलगा दहाचा होईल तेव्हा चालणार नाही, तेव्हाचं तेव्हा. पडवी मात्र हवीच, म्हणजे दाराबाहेर फ्लायखाली झाकलेली हातभर जागा. चिखलाच्या चपला, ओली छत्री, रात्री बाहेर जाऊन आलेलं माणूस, सगळं तिथे थांबतं. पडवीत गॅस मात्र पेटवायचा नाही, आणि ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत घ्यायची तर मुळीच नाही. तिचा धूर दिसत नसला तरी त्यातल्या वायूनं झोपेतच जीव जातो.

मग दहा हजारांत काय? बाहेरून काठ्या असलेला, छप्पर आणि घर एकदम उभं करणारा चार माणसांचा डोम या पैशांत मिळाला, तर डोळे झाकून घ्या. बहुधा तो थोडा वर जाईल. तर मग मी तुमच्या जागी असतो तर साधा दोन कापडांचा, पूर्ण फ्लायचा, टेप लावलेल्या शिवणींचा डोम सात-साडेसात हजारांपर्यंत घेतला असता आणि उरलेल्या पैशांत बारा बाय पंधरा फुटांची चांगली ताडपत्री, दोन बांबू, दोरी आणि लोखंडी खुंट्या. ताडपत्रीची एक कड गाडीच्या टपावरून पलीकडे नेऊन पलीकडच्या चाकांना बांधायची, दुसरी कड बांबूंवर ताणायची. झालं छप्पर. मुलं गाडीत, तुम्ही ताडपत्रीखाली, कितीही पाऊस असो, घाई न करता आतलं कापड उभं करा. आधी-छप्पर टेंट विकत न घेताही आधी-छप्पर पद्धत मिळाली. सकाळी त्याच ताडपत्रीखाली चहा होतो. एकच काळजी: दूध आणायला म्हणून गाडी काढण्याआधी दोरी सोडा. हसू नका, एकदा टेंटसकट गावात गेलेला एकजण मला माहीत आहे.

खुंट्यांबद्दल इतकंच की टेंटबरोबर येणाऱ्या तारेच्या खुंट्या मुरमात पहिल्याच घावाला वाकतात. लोहाराकडून किंवा हार्डवेअरमधून वीतभर लांबीचे जाड खिळे आणा. खुंटी टेंटपासून बाहेरच्या बाजूला डोकं कलवून ठोका. वाळूत कुठलीच खुंटी धरत नाही, तिथे पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून ती पुरायची. वळवाच्या आधी येणारी वावटळ पावसापेक्षा जास्त टेंट मोडते, तेव्हा आभाळ निरभ्र असलं तरी चारी दोऱ्या बांधूनच झोपा.

काही गोष्टी टेंटच्या हातात नसतात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, काजव्यांच्या दिवसांत, वर सांगितलेलं पुरतं. जुलैत रतनवाडी-घाटघरला मुलांना टेंटमध्ये झोपवू नका. तिथला पाऊस एकदा लागला की उघडत नाही, आणि पाणी वरून नाही, जमिनीतून येतं. गावात कुणाच्या घरी उतरा. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आणि काही ठिकाणी आतच आहे, वन खात्याचे नियम बघून घ्या, टेंट गावकऱ्यांच्या परवानगीनं त्यांच्याच जागेत लावा. धरणाच्या पाण्याच्या अगदी कडेला नको, रात्रीत पातळी चढू शकते. आणि विजा सुरू झाल्या तर टेंट कितीही भारी असो, सगळे गाडीत, काचा वर. एकट्या झाडाखाली किंवा काठ्यांच्या टेंटमध्ये थांबायचं नाही. गाडीनं जाण्याचा हा फायदा पायी ट्रेकवाल्यांना नाही.

टेंट आणलात की पहिल्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर लावा. आधी कोरडाच, म्हणजे काही कमीजास्त असेल तर बदलून मिळेल, भिजवलेला कुणी परत घेत नाही. खुंट्यांच्या जागी पाण्याचे कॅन. मग दिवा लावून संध्याकाळी पुन्हा एकदा, मुलीला काठ्या ओवायला लावा, नऊ वर्षांच्या मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर जमतं. खात्री पटल्यावर पाइपनं वीस मिनिटं पाणी सोडा, वरून आणि कडेनं, आणि आत टॉर्च घेऊन शिवणी बघत बसा.

भंडारदऱ्याहून परत आलात की टेंट डिकीत विसरू नका. तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत. ओल कायम राहिली की आतला लेप चिकट होतो, घाण वास येतो, मग तो टेंट कुठलंच पाणी अडवत नाही. सोमवारी ऑफिसला जाण्याआधी गॅलरीच्या ग्रिलवर टाकून जा, उन्हात तासन् तास नको, वारा पुरतो. आणि पिशवीत घालताना खुंट्या मोजा. माझ्याकडून बारा जातात, दहा येतात.